मुरबाडकडे ८ दिवसांचं चित्रशिबिर : गावाशी आधी काय काय ठरवावं?

ओलाकागद (धागाकर्ता)
ठाण्यातल्या आमच्या गटाचे १५ जण मुरबाड तालुक्यातल्या एका गावात ८ दिवस राहून निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं करणार आहेत. गाव कुणब्यांचं, शेजारी आदिवासींची ठाकूरवाडी. त्याआधी दोन रविवार सरावासाठी दिवाळे कोळीवाडा आणि येऊर. रंग, इझल (चित्र ठेवायची तिवई), कागद यांची चिंता नाही. चिंता आहे ती गावाची. चित्रासाठी बसणाऱ्या गावकऱ्याला पैसे द्यावेत का आणि किती, पाणी कुठून, जेवण कोण करणार, कुठे बसू नये? एप्रिल की नोव्हेंबर हेही ठरलेलं नाही. आठवणी आणि किस्से दुसऱ्या धाग्यावर सांगा, इथे आकडे आणि पद्धत हवी.

शेतबांध
नोव्हेंबर. एप्रिलचा विचारही नको.

शहापूर-मुरबाड पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, पण मार्चनंतर विहिरी तळाला जातात. तानसा, भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापुरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन रांगेत असतात. तिथे १५ शहरी माणसं आंघोळी करायला लागली की तिसऱ्या दिवशी कुजबूज आणि पाचव्या दिवशी भांडण.

हिशेब सांगतो. आंघोळ, संडास, हातपाय मिळून माणशी ४० लिटर धरा. १५ जणांचे रोजचे ६०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे तीन पिंप. ८ दिवसांचे ४,८०० लिटर. ५,००० लिटरचा एक टँकर पुरतो. तो नोव्हेंबरातही मागवा आणि त्याची टाकी गावाच्या टाकीपासून वेगळी ठेवा. विहिरीत पाणी असलं तरी मागवा. गावाच्या पाण्यावर हात न मारणारी माणसं अशी ओळख पहिल्याच दिवशी झाली की पुढचे निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत.

जून-जुलै चित्राला फार मोहक: आवणातलं रोप, चिखलणी, घोंगडी-इरली. पण लावणीच्या दिवसांत गावातल्या कुणालाही मान वर करायला फुरसत नसते, आणि ओल्या बांधावर स्टुलाचा पाय रुतला की बांध फुटतो. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं आणि दोन शेतकऱ्यांचं आपसात लागतं. कारण तुम्ही, भांडण त्यांचं. बसायचंच असेल तर स्टुलाच्या तिन्ही पायांखाली एकच फळी ठेवा, साधारण दीड फूट चौरस.

नोव्हेंबरात कापणी-झोडणी चालू असते. खळ्यावर चपला घालून जायचं नाही, इझलही लावायचं नाही. सारवलेली जमीन असते, तिच्यावर धान्य पडायचं असतं. खळ्याच्या कडेला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा. खालच्या अंगाला बसलात तर उफणणीचा सगळा भुसा ओल्या तैलरंगात.

तीनपायी
पैशांबद्दल. पैसे द्यायचेच, आणि आकडा आधी ठरवायचा. मापदंड सोपा: त्या गावात त्या महिन्यात शेतमजुरीचा जो दर चालू आहे तो विचारायचा. अर्धा दिवस बसवलं तर अर्ध्या दिवसाची मजुरी आणि तिच्यावर थोडं, कारण बसून राहणं मजुरीपेक्षा कंटाळवाणं. सगळ्या १५ जणांचा दर एकच. एकाने दुप्पट दिले की उरलेले चौदा चिक्कू ठरतात आणि गावात बसणाऱ्यांतही हेवेदावे सुरू होतात. पैसे रोजच्या रोज, संध्याकाळी, एकाच माणसाच्या हातून, वहीत नोंद करून.

बसवण्याची पद्धत : २० मिनिटं बसणं, ५ मिनिटं सुट्टी, असे सहा फेरे. अडीच तास झाले. पहिल्या फेरीतच खडूने पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती रेघ मारून घ्या, म्हणजे उठून परत बसताना ‘जरा डावीकडे, नाही नाही, थोडं मागे’ हा छळ होत नाही. म्हाताऱ्या माणसाला उकिडवं बसवू नका. गावची माणसं उकिडवी तासभर बसतात खरी, पण ती सारखी भार बदलत असतात. तुम्ही ‘हलू नका’ म्हणालात की दहाव्या मिनिटाला पायाला मुंग्या येतात.

शाळेच्या वेळेत मुलांना बसवायचं नाही, आणि मुलांच्या हातात रोख कधीच नाही. आईबाप समोर असतील तरच.

निळीशाई
तीनपायी, थोडा मतभेद. रोख दिली की पाहुणेपण संपतं. त्यापेक्षा व्यक्तिचित्र त्यांनाच भेट द्यावं.

तीनपायी
भेट जरूर द्या, पण मजुरीच्या ऐवजी नको. अडीच तास बुडाले ते भाताच्या कापणीचे. चित्र भिंतीला लागतं, किराणा उधारीवरच राहतो. शिवाय सगळी चित्रं देण्यासारखी निघत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना सांगायला जीभ रेटत नाही एवढंच.

गेरूचुना
हा वाद दीडशे वर्षं जुना आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर न्यूलिन नावाचं मच्छीमार गाव. वॉल्टर लँगली तिथे १८८२ मध्ये स्थिरावला, स्टॅनहोप फोर्ब्स १८८४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याचं किनाऱ्यावरच्या मासळी-लिलावाचं मोठं चित्र गाजलं. गावकरी पैसे घेऊन बसायचे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती १८९० ची गोष्ट. जॉन ड्र्यू मॅकेन्झी या चित्रकाराने मासेमारी मंद असते त्या दिवसांत मच्छीमारांना तांब्याच्या पत्र्यावर ठोकून नक्षी काढायला शिकवणारा वर्ग काढला. मासे, होड्या, लाटा हेच नक्षीचे विषय. माल विकला जायचा. न्यूलिनचं तांबं आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात ओळखलं जातं. बसण्याचे पैसे चित्रकार निघून गेला की थांबतात, हातातला धंदा थांबत नाही.

त्याच गावातून दुसरा धडाही घ्या. मे १८९६ मध्ये तिथे दंगल झाली. न्यूलिनचे मच्छीमार मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे, रविवारी जाळं टाकत नसत. पूर्व किनाऱ्याच्या बोटी रविवारची मासळी उतरवू लागल्या तेव्हा लोकांनी ती समुद्रात फेकली, सैन्य बोलवावं लागलं. भांडण चित्रकारांशी नव्हतं. पण ज्या गावात रविवार इतका कडक, तिथे रविवारी बंदरावर इझल लावून बसणं म्हणजे काय हे समजून घ्या. आपल्याकडे याला समांतर म्हणजे गावाची पाळणूक (कामं बंद ठेवायचा दिवस), गावदेवीची जत्रा, एखाद्या घरचं सुतक. कोणत्या दिवशी काय चालत नाही हे पोलीस पाटलांना पहिल्या भेटीतच विचारा आणि तो दिवस वेळापत्रकात रिकामा ठेवा.

शेतबांध
+१. आणि पोलीस पाटलांकडे जाताना १५ जणांची नावं, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रती घेऊन जा. सरपंचांच्या नावे साधं पत्र : तारखा, माणसं किती, राहणार कुठे, गाड्या किती. झाडं वनखात्याच्या हद्दीत असतील तर वनक्षेत्रपालांची परवानगी वेगळी. पंचायतीचं पत्र तिथे चालत नाही.

टरपेंटवाला
आता घाण. यावर कुणी बोलत नाही.

जलरंग : माणशी रोज २ लिटर धुण्याचं पाणी. कॅडमियम, कोबाल्ट असलेलं पाणी विहिरीच्या काठावर, गुरांच्या डोणीत, ओढ्यात ओतायचं नाही. एका झाकणाच्या बादलीत साठवा. रात्रभरात रंगद्रव्य तळाला बसतं. वरचं निवळ पाणी पिकापासून आणि पाणवठ्यापासून दूर ओता, गाळ डब्यात भरून ठाण्याला परत.

ॲक्रिलिक : हे तसं निवळत नाही, कण फार बारीक असतात. पाण्यात तुरटीची पूड विरघळवा, मग थोडा चुना घालून ढवळा. रंगाचे गोळे जमून तळाला बसतात. जुन्या सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून घ्या. तुरटी आणि चुना कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतो.

तैलरंग : माणशी २५० मिली टर्पेंटाईन ८ दिवसांना भरपूर झालं, पण दोन बाटल्या हव्यात. वापरलेलं पहिल्या बाटलीत, सकाळपर्यंत गाळ खाली, वरचं दुसरीत ओतून पुन्हा वापरायचं. उरलेलं चुलीत ओतायचं नाही. भडका उडतो.

आणि चिंध्या. तैलरंग पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतला प्राणवायू शोषतं, आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, बोळ्यात कोंडते आणि काही तासांत कापड आपोआप पेटू शकतं. शेजारी पेंढ्याची उडवी असेल तर कल्पना करा. चिंध्या दोरीवर सुट्या सुट्या वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

निळीशाई
टर्पेंटाईन उडून गेल्यावरही पेटतं का?

टरपेंटवाला
टर्पेंटाईन उडून जातं, तेल मागे राहतं. दोष तेलाचा. म्हणून नुसत्या टर्पेंटाईनच्या चिंधीपेक्षा माध्यमाची, म्हणजे जवस तेलाची चिंधी जास्त धोक्याची.

बचतगट_ताई
जेवणाचं. एका घरावर १५ माणसं टाकू नका, महिला बचत गटाला ठेका द्या. ताटाचा दर, माणसं, दिवस लिहून द्या आणि निम्मी रक्कम आगाऊ, कारण तांदूळ-तेल गटाला आधी भरावं लागतं. नाश्त्याला १५ जणांना १ किलो पोहे. जेवणाला माणशी १०० ग्रॅम तांदूळ म्हणजे दीड किलो, आणि दोन-दोन धरल्या तर ३० भाकऱ्या. एका चुलीवर ३० भाकऱ्यांना तासाच्या वर लागतो. चित्रकार अकरा वाजता ऊन सपाट झालं की भुकेने परततात आणि ‘अजून झालं नाही?’ विचारतात. वेळ आधी ठरवा, साडेबारा. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवा म्हणायचं, कुणाला परत चूल पेटवायला लावायची नाही. माणसं कमी होणार असतील तर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत कळवा.

चित्र काढताना घरातल्या बाईला ‘काकू, तशाच थांबा’ असं म्हणू नका हो. तव्यावर भाकरी असते.

खाडीकाठ
दिवाळ्याबद्दल. कोळीवाड्यात जाताना घड्याळ नको, तिथी बघा. तिथीचा पाऊणपट काढला की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला ४ चा पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तास आधी, नऊला ओहोटी. अष्टमीला सहाच्या आसपास भरती. अवस-पुनवेला बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीकडे भांग, पाणी फारसं चढत-उतरत नाही. खाडीत आत शिराल तसा उशीर वाढतो.

याचा चित्राशी संबंध असा : सकाळी नऊला चिखलात कलंडलेली होडी तुम्ही रेखाटली, साडेअकराला ती सरळ होऊन तरंगायला लागते आणि नाकाड वळवते. दुसऱ्या दिवशी तीच अवस्था सुमारे ५० मिनिटं उशिराने येते, पण ऊन मात्र घड्याळाप्रमाणे. म्हणजे पाणी आणि उजेड दोन्ही जुळलेले दिवस सलग दोन, फार तर तीन. भांगाला गेलात तर बदल हळू, नवख्यांना तेच बरं. चतुर्थीच्या आसपासची सकाळ कलंडलेल्या होड्यांसाठी उत्तम. कोळी दादांना ‘उधाण की भांग?’ एवढंच विचारा, बाकी ते सांगतात.

वागण्याचं : पसरलेल्या जाळ्यावर स्टूल ठेवू नका. पायाला आस (जाळ्याचा डोळा) अडकून फाटते आणि सांधायला कोळ्याची दुपार जाते. होडीत चपला घालून चढायचं नाही. वल्ह्याला पिशवी अडकवायची नाही. वाळत घातलेल्या जवळ्याच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला टर्पेंटाईन उघडायचं नाही. मासळी वास धरते आणि ती विकायची असते.

मासळी निवडणारी मावशी थांबणार नाही, थांबवूही नये. एका कागदावर तीन-चार सुरुवाती करा : वाकलेली, टोपली उचलणारी, हात झटकणारी. त्याच हालचाली सारख्या परत येतात. जी आली तिच्यात दोन रेघा वाढवा, मग पुढची. वीस मिनिटांत तिन्ही पुऱ्या होतात आणि कुणाचं काम अडत नाही.

गेरूचुना
खाडीकाठ, सुंदर. त्यात एक भर. कोळणीला साध्या मंगळवारी नऊवारी आणि सगळे दागिने घालून या असं सांगू नका. मॅक्सीवर ओढणी असेल तर तेच काढा. हॉलंडमध्ये व्होलेंडाम नावाच्या मच्छीमार गावात स्पांडर कुटुंबाचं हॉटेल १८८१ पासून चित्रकारांनी भरलेलं असायचं. भिंतींवर चित्रं, चित्रांत टोकदार टोपीतल्या बाया. तो पोशाख गावाचा कमी आणि पाहुण्यांचा जास्त होत गेला. आज तिथे पर्यटक तो भाड्याने घालून फोटो काढतात.

घरांचंही तेच. घरधन्याला वाटतं नव्या स्लॅबच्या घराचं चित्र निघावं, ज्याचे हप्ते अजून चालू आहेत. चित्रकार त्याच्याकडे पाठ करून शेजारची पडकी पडवी काढतो. आठ दिवसांत निदान चार चित्रं नव्या घरांची काढा. पत्रा, पाण्याची काळी टाकी, डिश अँटेना. रंगाच्या दृष्टीने काळी टाकी फार उपयोगी वस्तू आहे, सगळ्या हिरव्याला ती एकटी धरून ठेवते.

पाऊलवाट
येऊरसाठी : हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, नाक्याच्या वेळा पाळाव्या लागतात, अंधार पडायच्या आत बाहेर. वर वायुदलाचं ठाणं आहे, त्याच्या भिंतीकडे, मनोऱ्यांकडे तोंड करून रेखाटनसुद्धा नको, फोटो तर नाहीच. पाटोणपाडा, जांभूळपाडा वगैरे पाड्यांवर लोक राहतात, ती वस्ती आहे. अंगणात शिरण्याआधी हाक मारायची.

जळणाची मोळी घेऊन येणारी बाई चित्रात छान दिसते आणि त्याच गटातले लोक संध्याकाळी ‘जंगल वाचवा’ म्हणतात, याचा विचार करा. फ्रान्समध्ये बार्बिझाँ गावच्या चित्रकारांनी, तेओदोर रूसो पुढे होता, फाँतेनब्लोच्या जंगलातली जुनी झाडं तोडू नयेत म्हणून सरकारदरबारी खटपट केली. १८६१ च्या हुकुमाने १,०९७ हेक्टर ‘कलात्मक’ राखीव झालं. निसर्गसंरक्षणाच्या इतिहासात ते मोठं पाऊल. पण त्याच जंगलातून वाळकं लाकूड वेचणाऱ्या खेड्यातल्या बायकाही या चित्रांत आहेत, आणि कुठलं झाड देखणं हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पाड्यावर जाऊन कुणी मोळीवरून उपदेश करू नये एवढीच विनंती.

निळीशाई
येऊरच्या वारली लोकांकडून एक दिवस वारली चित्रं शिकायची का? कार्यशाळा ठेवता येईल.

पाऊलवाट
वारली म्हणजे चित्रकारच, असं धरून चालू नका. आधी विचारा, येत असेल आणि इच्छा असेल तरच. शिकवणाऱ्याला शिक्षकाचं मानधन, मजुराचं नव्हे.

लग्नाचा चौक हे विधीचं चित्र. सवाशिणी तो काढतात, मध्ये पालघाट देवी. तांदळाच्या पिठीत पाणी, बांबूची ठेचलेली काडी, मागे गेरू-शेणाची भिंत. तो चौक टी-शर्टावर उतरवणं तुम्हाला रोखता येणार नाही, पण शिबिरात तरी टाळा. लग्नाच्या भिंतीवरून कागदावर ही कला आली ती १९७० च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी कागदावर काढायला घेतलं आणि २०११ मध्ये म्हशांना पद्मश्री मिळाली. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. बाहेरून गेलेल्या माणसाने तिथे आपलं चित्र काढलं नाही, कागद आणि रंग नेऊन दिले. फरक लक्षात घ्या.

सेक्टरआठ
एवढ्या लांब कशाला, चित्रकारांचं गाव बेलापुरातच आहे की! 🙂 आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरिया यांची रचना, १९८० च्या दशकातली. सात-सात घरं एका ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती, सुमारे ६ हेक्टरात ५५० कुटुंबं. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला हवं त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलं. आता मूळ घर शोधावं लागतं, आणि वास्तुकलेचे विद्यार्थी येऊन हळहळतात. कोरियांनी ती मुभा दिली होती, हे हळहळणारे विसरतात.

पण धागाकर्ते, गटातले काही जण पुढे ‘२० गुंठे घेऊन आपली वसाहत’ म्हणतीलच. तेव्हा आत्ताच : शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, महसूल संहितेचं कलम ३६ अ. ठाकूरवाडीतल्या कुणाच्या नावावर राहू द्या, तोंडी समजूत करू, हा मार्ग धरू नका. कागद फसतो आणि गावही तुटतं. चेन्नईजवळ चोलमंडल हे कलाकारांचं गाव आहे ना, चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि मंडळींनी १९६६ मध्ये उभं केलं, तिथे कलाकारांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या विक्रीतून पैसे जमवून रीतसर जमीन घेतली.

ओलाकागद (धागाकर्ता)
जमीन नको, ८ दिवसच पुरेत! नोव्हेंबर नक्की. टँकर, बचत गट, एकच दर, चिंध्यांचा डबा लिहून घेतलं. शेवटच्या संध्याकाळी गावात प्रदर्शन करावं असं वाटतंय. शाळेच्या खोलीत की देवळाच्या सभामंडपात?

शेतबांध
सभामंडप. शाळेत म्हातारी माणसं येत नाहीत. पण विश्वस्तांना विचारून, आणि आरतीची वेळ सोडून.

तीनपायी
मांडणी : ओली तैलचित्रं दोरीला टांगू नका, मुलं बोट लावून बघतातच. भिंतीशी विटांवर फळी टाकून त्यावर उभी करा, समोर दोन हातांवर दोरी. जलरंग आणि रेखाटनं दोरीला चिमट्यांनी, मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. प्रत्येकाखाली ज्याचं चित्र त्याचं नाव, देवनागरीत, मोठ्या अक्षरात. चित्रकाराचं नाव बारीक. लोक आधी नावं वाचतात, मग नाक बघून हसतात. हसू द्या. ‘आमच्या आबांचं नाक असं नाही’ म्हणाले तर बहुतेक वेळा ते बरोबर असतात, रात्री दुरुस्त करा.

ज्यांना आपलं चित्र ठाण्याच्या प्रदर्शनात लागायला नको असेल त्यांना तिथेच विचारून यादी करा. ‘हो’ म्हणणाऱ्यांचीच सही किंवा अंगठा घ्या. विक्री झाली तर वाटा द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी सांगा. नंतर दुसरीकडून किंमत कळली की शिबिर एकदाच होतं.

निळीशाई
आणि मूळ चित्र नेलं तर त्यांच्याकडे काय राहतं?

टरपेंटवाला
फोटो काढून ६ बाय ८ इंचाची प्रत, लॅमिनेट करून. महिनाभराच्या आत, आणि टपालाने नको, कुणीतरी घेऊन जा. चित्र सावलीत, काच न लावता, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडेल असं ठेवून फोटो काढा, नाहीतर तैलरंगाची चमक सगळा चेहरा खाते. पाकिटावर नाव आणि घराची खूण लिहा. एका गावात एकाच आडनावाची दहा घरं असतात.

बचतगट_ताई
दोन प्रती काढा. एक घरी, एक माहेरी जाते.